सोल्यूशनवर गोळी नसते, साहेब

प्रति,
बालसंरक्षण यंत्रणेतल्या प्रशिक्षणाची परिपत्रकं ज्यांच्या सहीने निघतात, ते सर्व अधिकारी

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या जिल्ह्यात रस्त्यावरच्या व्यसनाधीन मुलांविषयी 'क्षमताबांधणी कार्यशाळा' झाली. वेळ साडेदहाची होती, दीपप्रज्वलन साडेअकराला झालं. मग स्वागत, मनोगत, चहा. त्यानंतर दीड तास पोर्टलवर माहिती कशी भरायची त्याचं प्रात्यक्षिक. जेवण झाल्यावर एका तज्ज्ञांनी पडद्यावर कोकेनचा फोटो दाखवला, हेरॉइनचा दाखवला, एलएसडीचा तर रंगीत दाखवला. आमची पोरं चिंधीवर ओतून हुंगतात ती पंक्चरच्या सोल्यूशनची ट्यूब काही दिसली नाही. साडेचारला आम्ही सगळ्यांनी उभं राहून नशामुक्तीची शपथ घेतली आणि पाच वाजता प्रमाणपत्र हातात पडलं. त्या कागदानुसार मी आता 'प्रशिक्षित' आहे. सोबत एक अभिप्राय अर्ज होता. तो मी अजून भरलेला नाही. का भरला नाही ते सांगायला हे पत्र. उघड लिहितेय, कारण याआधी तीनदा लेखी कळवलं. तिन्ही पत्रांची पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचंही नाही.

मी 2007 पासून मध्य रेल्वेच्या एका मोठ्या जंक्शनवर मुलांमध्ये काम करते. आधी एका संस्थेत होते, आता कंत्राटावर क्षेत्रीय कार्यकर्ती आहे. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, केलं तेव्हा दोन वर्षांत व्यसनावर मोजून दोन तास मिळाले, तेही दारूवर. पहिल्याच पावसाळ्यात पार्सल ऑफिसच्या मागे दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा तोंडाशी चिंधी धरून बसलेला दिसला. मी ओरडले, "ए, काय चाललंय?" आणि झडप घालून ट्यूब हिसकावली. तो पळाला. मी त्याच्या मागे. प्लॅटफॉर्म संपला, पुढचा उतार संपला, आणि तो उभ्या मालगाडीच्या डब्याखालून पलीकडे गेला. वळसा घालून मी पोचले तेव्हा तो खडीवर बसला होता. ओठ काळेनिळे, छाती भात्यासारखी हलत होती. वाचला. वर्षभर माझ्याशी बोलला मात्र नाही.

त्या दिवशीचा धोका मी कितीतरी वर्षं मालगाडीच्या नावावर टाकत होते. पुढे एका मानसोपचारतज्ज्ञाने मला खुर्चीत बसवून समजावलं. सोल्यूशनमध्ये, थिनरमध्ये टोल्यूइनसारखी द्रव्यं असतात. ती हुंगल्यावर हृदय हळवं होतं. त्यातच मूल घाबरलं, जिवाच्या आकांताने पळालं की अंगात ॲड्रिनलिन उसळतं आणि हृदय एकाएकी लय सोडतं. पहिल्यांदाच हुंगणारं मूलसुद्धा यात जागच्या जागी जाऊ शकतं. म्हणजे त्या दिवशी त्या पोराला मालगाडीइतकाच धोका माझा होता.

नशेत असलेल्या मुलाच्या मागे धावायचं नाही, त्याला दचकवायचं नाही, ट्यूब ओढायची नाही. हा या कामातला पहिला धडा. आणि आजही स्टेशनवर पहिल्यांदा होतं ते काय, तर शिट्टी, काठी आणि पाठलाग. ती काठी उगारणारा हवालदार दुष्ट असतो असं नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. कार्यशाळेत एवढी एक गोष्ट जरी कुणी बोललं असतं, तरी मी ते प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीला लावलं असतं.

आता आकड्यांकडे येते, कारण तुमच्याकडे आकड्यांशिवाय फाईल हलत नाही. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने 2013 मध्ये एम्सच्या तज्ज्ञांकडून देशभरातल्या नशा करणाऱ्या 4,000 हून अधिक मुलांचा अभ्यास करून घेतला. त्यातली जवळपास 35 टक्के मुलं हुंगायच्या पदार्थांकडे गेलेली होती. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीने तर स्पष्टच मांडलं की मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळणारी नशा एकच, ती हुंगण्याची. मोठ्यांत प्रमाण 0.58 टक्के, 10 ते 17 वयोगटात 1.17 टक्के. मदतीची गरज असलेली मुलं 4.6 लाख. अशी मुलं संख्येने ज्या राज्यांत जास्त, त्या पहिल्या पाचांत आपला महाराष्ट्र आहे. आणि ही मुख्य पाहणी घरोघरी जाऊन केलेली. ज्याचं घरच नाही तो या आकड्यात कुठून येणार? माझी पोरं 4.6 लाखांच्या बाहेरची आहेत, असं धरून चाला.

लोकांच्या डोक्यात अजून गर्दुल्ला बसलाय. ऐंशीच्या दशकात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, आली, शब्द आला, आणि आपण नशा म्हटलं की तेच चित्र काढतो. गर्दवाल्याला निदान औषध आहे. त्याचा त्रास उतरवणाऱ्या गोळ्या आहेत, जिभेखाली ठेवायचं बुप्रेनॉर्फिन आहे, ते देणारी केंद्रं आहेत. सोल्यूशनवर यातलं काही नाही. सुटतानाच्या तक्रारींवर डॉक्टर वरवरचे उपचार करतील, पण नशा सोडवणारी गोळी अजून निघालेली नाही. जे काही होतं ते माणसाकडून होतं. शेजारी बसणारा, थांबणारा, बोलणारा, पुन्हा उद्या येणारा माणूस. इथे औषध म्हणजे तोच, आणि ते औषध तुम्ही एका दिवसात, चहाच्या दोन सुट्ट्यांसकट तयार करता.

हे काम कसं असतं, थोडं सांगते. मला ते कुठल्या कॉलेजने शिकवलं नाही. आमच्याच प्लॅटफॉर्मवर वाढून बाहेर पडलेल्या एका मोठ्या मुलाने शिकवलं. तो म्हणाला, ताई, तुम्ही समोर उभ्या राहता, म्हणून पोरं पळतात. बाजूला बसा. नाव विचारू नका, "जेवलास का?" विचारा. नशा चढलेली असताना उपदेश केला तर वाया जातो, ती अर्ध्या-पाऊण तासात उतरते, तेवढं थांबा. आणि बोलायचंच असेल तर सकाळी या, पोरं गोळा केलेल्या पाण्याच्या बाटल्या विकून पैसे मोजत बसतात तेव्हा. त्या वेळी डोकं जाग्यावर असतं. बाहीचा वास ओळखायला, नाकातोंडाभोवतीचं लालसर पुरळ ओळखायला त्यानेच शिकवलं. भिजलेल्या चिंधीजवळ कुणी विडी पेटवली तर काय होतं, हे दाखवायला त्याच्या मनगटावर भाजल्याची खूण होती.

एकदा एका मुलाला विचारलं, वडापावच्या पैशांत तू ट्यूब का घेतोस? त्याने हिशोब ऐकवला. वडापावने एक वेळची भूक जाते, ट्यूबने दिवसभराची. वर थंडी वाजत नाही, आणि रात्री कुणी अंगाला हात लावला तर कळत नाही. शेवटचं त्याने अगदी सहज, बाटल्या मोजता मोजता सांगितलं. आता यापुढे मी काय करायचं? पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, मला कळवावंच लागतं. "कुणाला सांगणार नाही" असं वचन मला देता येत नाही. पण तेवढ्यावर त्याचा विश्वासही तुटू द्यायचा नाही, तो उद्या परत बसायला हवा. ही कसरत पोर्टलच्या प्रात्यक्षिकातून येत नाही. ती कुणीतरी जवळ बसून, चुका दुरुस्त करत शिकवावी लागते.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगते. त्याला इथे बारक्या म्हणू. बारा वर्षांचा, मराठवाड्यातला. आईबाप ऊसतोडीला, हा चुलत्याकडे, तिथून पळालेला. चार महिने मी त्याच्यासोबत सकाळचा चहा घेतला, बाकी काही नाही. पाचव्या महिन्यात तो आपणहून म्हणाला, "ताई, सोडायचंय मला. रात्री पायात मुंग्या भरतात." हुंगायच्या काही पदार्थांनी नसा खराब होतात, त्याची ती खूण होती. एखादं मूल स्वतः सोडायचंय म्हणतं तो दिवस आमच्या कामात वर्षातून चार-दोनदा उगवतो.

24 तासांच्या आत हजर करा असं कायदा म्हणतो, मी त्याच दिवशी दुपारी बाल कल्याण समितीपुढे उभं केलं. वैद्यकीय तपासणीत लघवीची किट लावली. तिच्यात सोल्यूशन दिसतच नाही, दिसलं नाही. कागदावर आलं, 'नशेचा अंश आढळला नाही.' मी डॉक्टरांना पायाच्या मुंग्यांबद्दल सांगायला गेले, तर ते म्हणाले, मॅडम, रिपोर्ट निगेटिव्ह आहे. व्यसनमुक्ती केंद्राला फोन केला, तिथे अठराच्या खालचे घेत नाहीत. दुसरं केंद्र घ्यायला तयार होतं, पण मोठ्या माणसांच्याच हॉलमध्ये. तिथे मीच ठेवलं नाही. अखेर बालगृहाने कुरकुरत घेतलं. तिसऱ्या रात्री बारक्याला झोप येईना, मळमळ, चिडचिड, शेजारच्या मुलाशी मारामारी. रात्रपाळीला एकच काळजीवाहक. त्याला वाटलं पोरगं मस्तीला आलंय. त्याने बारक्याला व्हरांड्यात उभं केलं. चौथ्या पहाटे बारक्या न्हाणीघराच्या खिडकीतून गेला. रजिस्टरला नोंद झाली, 'बालक पळून गेले.'

पंधरा दिवसांनी तो पार्सल ऑफिसच्या मागेच दिसला. मी बाजूला जाऊन बसले. त्याने चिंधी बाहीत सारली आणि म्हणाला, "ताई, आता नको."

या गोष्टीत मला कुणा एकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही, म्हणून गावाचं, संस्थेचं, कुणाचंच नाव घेत नाही. डॉक्टरांनी किट लावली, जी त्यांना दिली होती. काळजीवाहकाने शिस्त लावली, जी त्याला माहीत होती. एका पोराला पाच हातांतून जायचं होतं आणि पाचांपैकी चार हातांना आपल्या हातात काय आहे हेच ठाऊक नव्हतं. पाचवी मी, आणि मीही मालगाडीवाल्या पोराच्या जिवावर शिकलेली.

आता तक्रारी.

पहिली, प्रशिक्षण कुणाला मिळतं याची. बोलावणं नेहमी आम्हाला आणि कार्यालयातल्यांना. स्टेशनवरचा आरपीएफचा (रेल्वे सुरक्षा दलाचा) जवान, पोलीस ठाण्यातला बाल कल्याण पोलीस अधिकारी, अपघात विभागातला डॉक्टर, आणि सगळ्यात महत्त्वाचा तो रात्रपाळीचा काळजीवाहक, यांतलं त्या दिवशी हॉलमध्ये कुणी नव्हतं. मूल पळतं ते रात्री, आणि प्रशिक्षण होतं ते कार्यालयीन वेळेत येऊ शकणाऱ्यांचं.

दुसरी तक्रार शपथेची. नशामुक्त भारत अभियान 15 ऑगस्ट 2020 ला 272 जिल्ह्यांत सुरू झालं, त्याला माझा विरोध नाही. शाळेच्या मैदानावर शपथ ठीक. पण हीच शपथ प्लॅटफॉर्मवरच्या पोरांकडून रांगेत उभं करून घेतली जाते. मी पाहिलंय, 'मी कधीही नशा करणार नाही' म्हणताना डावा हात पुढे आणि उजव्या बाहीत चिंधी. पोरं हसत होती, आणि फोटो छान आला.

तिसरी जरा लांब आहे. 1098 ही मुलांसाठीची फोनवरची मदतसेवा 1996 मध्ये मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेचा उपक्रम म्हणून सुरू झाली. आमच्या पोरांना तो नंबर 'दस नौ आठ' असा तोंडपाठ होता, वाचता न येणाऱ्यांनाही. 2023 मध्ये ती सेवा संस्थांकडून शासनाकडे आली. शासनाने जबाबदारी घ्यावी हे मी पहिल्यापासून म्हणत आलेय, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या बदलात माझ्या ओळखीतले पंधरा-पंधरा वर्षं फलाटावर काढलेले कार्यकर्ते बाहेर पडले. कुणी विमा विकतंय, एकजण झेरॉक्सच्या दुकानात आहे. त्यांच्या जागी आलेली मुलंमुली हुशार आहेत, मन लावून काम करतात. पण अकरा महिन्यांच्या कराराच्या आठव्या महिन्यात हे नवे कार्यकर्ते फलाटावरची पोरं ओळखायला लागतात आणि दहाव्या महिन्यात नवीन नोकरी शोधायला लागतात. त्यांना कितीही शिकवा, शिकलेलं फलाटावर राहत नाही.

चौथी, मोजमापाची. आमच्याकडे दरमहा विचारतात, किती बालकांची सुटका केली? बारक्या त्या महिन्याच्या तक्त्यात 'सुटका 1' म्हणून धरला गेलाय, तुमच्या वार्षिक अहवालात तो यशात मोजलेला असेल. तो पुन्हा सापडला आणि पुन्हा हजर केला, तर 'सुटका 2' होईल.

आणखी एक, कायद्याची. किशोर न्याय अधिनियम 2015 चं कलम 93 सांगतं की व्यसनी मुलाला उपचाराला लागेल तेवढ्या काळापुरतं व्यसनमुक्ती केंद्रात पाठवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2016 च्या निकालात मुलांमधल्या नशेवर राष्ट्रीय आराखडा चार महिन्यांत करायला सांगितलं होतं. समिती कलम 93 खाली आदेश काढू शकते, पण कुठे पाठवायचं त्या जागेचं नाव तिला लिहिता येत नाही, कारण मुलांसाठी वेगळी जागा माझ्या माहितीत आमच्या अख्ख्या विभागात नाही. व्हाइटनरची बाटली 2012 मध्ये केंद्राने किरकोळ विक्रीतून बंद केली तेव्हा आमच्या फलाटावर आठवडाभर आनंद होता. मग पोरं सायकलच्या दुकानाकडे वळली. सोल्यूशन काही एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, यादीत नाही, आणि ते बंद करा असं मी म्हणणारही नाही, पंक्चरवाल्याला पोट आहे. पण त्या पंक्चरवाल्याशीसुद्धा कुणी जाऊन बोललेलं नाही. मी बोलले. तो आता मुलांना ट्यूब देत नाही, हवा भरायला बोलावतो आणि पाच रुपये देतो. हे कुठल्या रकान्यात लिहू?

सगळं पहिल्यापासून उभं करायला लागेल असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने रस्त्यावरच्या मुलांमधल्या नशेवर काम करणाऱ्यांसाठी दहा भागांचं प्रशिक्षण साहित्य 2000 सालीच काढलं. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून उभं आहे, व्यसनी माणसाशी मराठीत कसं बोलायचं ते तिथल्या लोकांना कळतं. शिकवायला लागेल ते ज्ञान राज्यातच आहे, फक्त ते हॉलमध्ये कोंडून चालणार नाही.

माझ्या मागण्या अशा.

एका दिवसाची कार्यशाळा बंद करा. त्याऐवजी तीस दिवसांचं प्रशिक्षण ठेवा. दहा दिवस वर्गात, वीस दिवस जुन्या कार्यकर्त्याच्या सोबत फलाटावर, त्यातल्या निम्म्या पाळ्या रात्रीच्या. काळजीवाहक, आरपीएफ आणि पोलिसांना निदान तीन दिवस, त्यांच्या ठिकाणी जाऊन, त्यांच्या पाळीच्या वेळेत. अपघात विभागाच्या डॉक्टरांना एक पानाची सूचना द्या, की या नशेत किट निगेटिव्ह येते म्हणून मूल परत पाठवू नका. एका पानाला निधी लागत नाही, ती उद्याही निघेल.

राज्याच्या सहाही महसूल विभागांत निदान एकेका शासकीय रुग्णालयात मुलांसाठी वेगळ्या खाटा द्या, मोठ्यांच्या वॉर्डापासून लांब, आणि त्यांच्यासाठी नशेचं प्रशिक्षण घेतलेली परिचारिका. सुटतानाचे पहिले पंधरा दिवस तिथे, मग बालगृह.

ज्यांना शिकवाल त्यांचा करार किमान तीन वर्षांचा करा. महिन्यातून एकदा बालमानसोपचारतज्ज्ञासोबत बसून आपापली प्रकरणं बोलता येतील अशी सोय द्या. आम्हीही माणसं आहोत. 'ताई, आता नको' ऐकून घरी गेलेल्या बाईने दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाऊन बसायचं असतं, त्यासाठी तिला कुणीतरी लागतं.

फलाटावरून बाहेर पडलेल्या मोठ्या मुलांना प्रशिक्षक म्हणून घ्या, आणि मानधन द्या. सत्कार, शाल, नारळ नको. मला शिकवलेला तो मुलगा आज रिक्षा चालवतो. एका दिवसाचा धंदा बुडवून तो यायचा, तर त्याला त्या दिवसाचे पैसे मिळायला हवेत.

आणि तक्त्यात 'सुटका'च्या शेजारी एक रकाना वाढवा: सहा महिन्यांनी मूल कुठे आहे. कोरा राहिला तरी चालेल, निदान कोरा आहे हे दिसेल.

राहिला अभिप्राय अर्ज. त्यात 'प्रशिक्षण आपल्या कामात उपयुक्त ठरेल का?' या प्रश्नापुढे दोनच चौकोन छापलेत, 'होय' आणि 'अंशतः'. तिसरा चौकोन छापून पाठवा. मी त्याच दिवशी भरून देईन.

आपली,
एक क्षेत्रीय कार्यकर्ती
(कराराचे उरलेले महिने : चार)